बोर्डावर सगळं चालू, हातात काहीच नाही

वाचकांचे प्रश्न : सॉफ्टवेअर टीम आणि अ‍ॅजाइल

या वेळच्या पत्रांमध्ये ‘अ‍ॅजाइल म्हणजे काय’ असं विचारणारं एकही पत्र नव्हतं. सॉफ्टवेअर छोट्या टप्प्यांत बनवत, दाखवत आणि सुधारत जायची ही पद्धत सगळे वापरताहेत, आणि बरेचसे वापरून वैतागले आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत. पहिल्या प्रश्नाला जास्त जागा दिली, कारण बाकीच्या अर्ध्या तक्रारींचं मूळ तिथेच सापडतं.

प्रश्न : आमच्या टीममध्ये सात डेव्हलपर आणि दोन टेस्टर आहेत. स्प्रिंट, म्हणजे कामाचा ठरीव टप्पा, दोन आठवड्यांचा. दर वेळी शेवटच्या दोन दिवसांत दहा-बारा स्टोरी (वापरकर्त्याच्या गरजेनुसार पाडलेले कामाचे तुकडे) एकदम टेस्टिंगला येऊन पडतात, टेस्टर रात्री उशिरापर्यंत बसतात आणि तरीही निम्म्या स्टोरी पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकलाव्या लागतात. रिकामं तर कुणीच बसत नाही. मग चुकतंय कुठे?

रिकामं कुणी बसत नाही, तिथेच. माणसं कामात आहेत आणि काम रांगेत उभं आहे.

आधी एक तपासणी करा. गेल्या स्प्रिंटमधली रखडलेली एक स्टोरी निवडा आणि काम नोंदवायच्या टूलमधला तिचा इतिहास काढून तारखांसह कागदावर लिहा. साधारण असं चित्र दिसतं : सोमवारी घेतली, बुधवारी कोड लिहून झाला, शुक्रवारपर्यंत रिव्ह्यूची (दुसऱ्यानं कोड वाचून तपासण्याची) वाट पाहिली, सोमवारी रिव्ह्यू झाला, बुधवारपर्यंत टेस्टिंग सर्व्हर मोकळा होण्याची वाट पाहिली, गुरुवारी टेस्टरनं एक बग काढला, तोवर डेव्हलपर दुसऱ्या स्टोरीत अडकलेला. नऊ-दहा दिवसांत त्या स्टोरीला प्रत्यक्ष हात लागला तो चार दिवस. बाकी सगळी वाट पाहणी.

आता आकडेमोड. रांगांचा एक नियम आहे, जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला : एका वेळी सरासरी जितकी कामं चालू असतात, त्याला आठवड्याला पूर्ण होणाऱ्या कामांच्या संख्येनं भागलं की एका कामाला लागणारा सरासरी वेळ मिळतो. समजा तुमच्या बोर्डावर (कामांची कार्डं टप्प्यांच्या रकान्यांत डावीकडून उजवीकडे सरकवायचा फळा) माणशी दोन, म्हणजे १८ स्टोरी चालू आहेत आणि टीम आठवड्याला ९ पूर्ण करते. १८ भागिले ९, म्हणजे दोन आठवडे. तुमचा स्प्रिंटही दोन आठवड्यांचाच. पहिल्या दिवशी सुरू झालेली स्टोरी सरासरीनं शेवटच्याच दिवशी संपणार, आणि जिला सरासरीपेक्षा थोडा जास्त वेळ लागला ती पुढच्या स्प्रिंटमध्ये जाणार. शेवटच्या दोन दिवसांतली ती गर्दी भागाकारातून आलेली आहे, आळसातून नाही. चालू कामं ९ वर आणली आणि पूर्ण होण्याचा वेग तोच राहिला, तर प्रत्येक स्टोरी सरासरी एका आठवड्यात बाहेर पडते. कुणालाही वेगानं टाइप करावं लागत नाही.

(हा नियम लांब पल्ल्याच्या सरासरीचा आहे. येणारं आणि संपणारं काम साधारण सारखं असेल तरच तो लागू होतो. बोर्डावर सहा महिने धूळ खात पडलेली कार्डं असतील तर ती आधी काढून टाका, नाहीतर आकडे जुळणार नाहीत.)

तेव्हा प्रत्येक रकान्यात एका वेळी किती स्टोरी असतील याला मर्यादा घाला. तुमच्यासाठी सुरुवातीला डेव्हलपमेंट ५, रिव्ह्यू २, टेस्टिंग ३. डेव्हलपर सात असताना पाच ही संख्या मुद्दाम ठेवली आहे. उरलेल्या दोघांनी रिव्ह्यू करायचे, टेस्ट डेटा तयार करायचा, नाहीतर अवघड स्टोरीवर दुसऱ्याशेजारी बसायचं. रकाना भरला असेल तर नवं काम उचलायचं नाही. बोर्डाच्या उजवीकडे जाऊन तिथलं काम पुढे सरकवायचं.

पहिल्या आठवड्यात तक्रारी येतील. ‘मी मोकळा बसलो’ असं एखादा डेव्हलपर म्हणेल, आणि ते मॅनेजरच्या कानावर गेलं की मर्यादा पाचाची आठ होईल. बहुतेक ठिकाणी हा प्रयोग इथेच मरतो. दुसरी पळवाट जास्त चलाख आहे : कुणीतरी ‘अडलेलं’ नावाचा, मर्यादा नसलेला रकाना काढतं आणि महिन्याभरात निम्मा बोर्ड तिथे जाऊन राहतो. अडलेली स्टोरी आहे त्याच रकान्यात ठेवा आणि मर्यादेत मोजा. जागा अडवून बसली की मगच ती सोडवायची घाई होते.

प्लॅनिंगच्या बैठकीत सगळ्या स्टोरींवर नावं टाकत असाल तर तेही थांबवा. नावं टाकली की पहिल्याच दिवशी प्रत्येक जण आपापली उघडतो. यादी महत्त्वाच्या क्रमानं लावा. मोकळा झालेला माणूस वरची घेईल.

राहिली स्टोरीची लांबी. एक नेहमीचा नमुना : ‘ग्राहकाला आपली बिलं पाहता, शोधता आणि डाउनलोड करता यावीत.’ अंदाज आठ दिवस. डेव्हलपरचा हात आपोआप आडवे काप घेतो : आधी डेटाबेस, मग एपीआय (डेटाबेस आणि स्क्रीन यांना जोडणारा कोड), मग स्क्रीन. तीन तुकडे झाले खरे, पण तिसरा संपेपर्यंत टेस्टरला पाहण्यासारखं काहीच नाही. उभे काप घ्या. पहिल्या तुकड्यात गेल्या तीन महिन्यांच्या बिलांची साधी यादी, शोध नाही, डाउनलोड नाही. पण बिलच नसेल तर काय दिसतं आणि दुसऱ्याचं बिल उघडायचा प्रयत्न केला तर काय होतं, हे पहिल्याच तुकड्यात. दुसऱ्यात डाउनलोड. तिसऱ्यात तारखेनुसार शोध. जुनी बिलं चौथ्यात, आणि कदाचित ती कुणी मागणारही नाही. असे तुकडे केले की टेस्टरच्या हातात तिसऱ्या दिवशी काहीतरी पडतं.

एका तुकड्याला तीन दिवसांपेक्षा जास्त लागू नयेत. ‘हे कापताच येत नाही’ असं कुणी म्हणालं तर विचारा : एकाच प्रकारच्या ग्राहकासाठी, एकाच मार्गानं केलं तर? दहापैकी आठ वेळा त्यातूनच वाट निघते.

शेवटचं, आणि सगळ्यात स्वस्त. कोडला हात लावण्यापूर्वी डेव्हलपर, टेस्टर आणि प्रॉडक्ट ओनर (काय बनवायचं आणि आधी काय, हे ठरवणारी व्यक्ती) यांनी पंधरा मिनिटं एकत्र बसून त्या स्टोरीची चार-पाच उदाहरणं लिहायची. ‘३१ तारखेला बिल आहे, ग्राहकानं ३० पर्यंतची तारीख दिली, बिल दिसायला हवं का?’ हा प्रश्न स्प्रिंटच्या नवव्या दिवशी बग म्हणून येण्याऐवजी पहिल्या दिवशी प्रश्न म्हणून येतो.

प्रश्न : स्प्रिंट एक आठवड्याचा ठेवावा, दोनचा की तीनचा?

स्क्रम या अ‍ॅजाइल पद्धतीची मार्गदर्शिका एवढंच सांगते : एक महिना किंवा त्याहून कमी. तुमच्या गृहीतकांना किती दिवसांत बुरशी चढते ते पाहून ठरवा. आवश्यकता दर आठवड्याला बदलत असतील तर तीन आठवड्यांच्या स्प्रिंटचा आराखडा मधेच फाडावा लागेल. मात्र रिलीज करायलाच हातानं दोन दिवस लागत असतील तर एक आठवड्याचा स्प्रिंट परवडणार नाही. आधी ते दोन दिवस दोन तासांवर आणा. बैठकांचा वेळही त्याच प्रमाणात कापा. महिन्याच्या स्प्रिंटला प्लॅनिंगची कमाल मर्यादा आठ तास आहे, म्हणजे आठवड्याच्या स्प्रिंटला दोन तास पुरे. एकदा ठरवलं की निदान सहा स्प्रिंट बदलू नका, आणि ‘थोडंसंच राहिलंय’ म्हणून स्प्रिंट दोन दिवसांनी वाढवणं तर कधीच नको. काय राहिलं आणि का राहिलं, हे कळण्याची संधी त्या दोन दिवसांत बुडते.

प्रश्न : रोजचा स्टँड-अप (टीमची झटपट बैठक) चाळीस मिनिटं चालतो. प्रत्येक जण मॅनेजरकडे पाहून काल काय केलं ते सांगतो, बाकीचे लॅपटॉपमध्ये असतात. बंद करावा का?

बंद करायच्या आधी प्रश्न बदलून पाहा. ‘काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय’ हे तीन प्रश्न अजून हजारो टीममध्ये मंत्रासारखे म्हटले जातात, पण स्क्रमच्या मार्गदर्शिकेतून ते २०२० च्या आवृत्तीत वगळलेले आहेत. ही बैठक पंधरा मिनिटांची, आणि स्प्रिंटच्या उद्दिष्टाच्या दिशेनं आजचं काम कसं लावायचं हे डेव्हलपर्सनी आपसांत ठरवण्यासाठी आहे.

माणसांना विचारण्याऐवजी बोर्डाला विचारा, तेही उजवीकडून डावीकडे, म्हणजे जे संपायच्या सर्वांत जवळ आहे तिथून. फरक असा पडतो. जुन्या पद्धतीत : ‘काल स्टोरी ४१२ वर होतो, आज ४०९ घेतोय, अडचण नाही.’ ऐकायला छान. ४१२ रिव्ह्यूत तीन दिवस पडून आहे हे कुणालाच कळलं नाही. नव्या पद्धतीत :

‘४१२ रिव्ह्यूत तीन दिवस आहे. कोण घेतंय?’

‘मी. अकरापर्यंत करतो.’

‘४०७ टेस्टिंगला अडलंय. पेमेंटचं टेस्ट कार्ड चालत नाही.’

‘माझ्याकडे चालणारं आहे, हे संपलं की देते.’

झालं. अर्धं मिनिट, दोन कामं सुटली.

कशामुळे अडतंय याची खोल चर्चा सुरू झाली की सूत्रधारानं ‘नंतर’ म्हणून विषय टिपून घ्यायचा. बैठक संपल्यावर ज्यांचा संबंध आहे त्यांनीच थांबायचं. सूत्रधार रोज बदला. जो नोंदी घेतो त्याच्याकडेच सगळे पाहतात, म्हणून मॅनेजरच्या हातात कीबोर्ड देऊ नका. त्यांनी मागे उभं राहून ऐकावं. स्थितीच कळून घ्यायची असेल तर बोर्ड चोवीस तास उघडा आहे.

इतकं करूनही वेळ जात असेल तर माणसं मोजा. मार्गदर्शिकेत टीम साधारण दहा किंवा त्याहून कमी जणांची धरली आहे, त्यालाही कारण आकड्यांचंच. सहा जणांत बोलणाऱ्यांच्या जोड्या १५ होतात, बारा जणांत ६६. बारा-चौदा जणांचा स्टँड-अप कितीही शिस्तीत घेतला तरी तो लांबणारच. तिथे टीमचेच दोन भाग करावे लागतात.

प्रश्न : आमच्या वरिष्ठांनी दोन टीमच्या व्हेलॉसिटीचा (एका स्प्रिंटमध्ये संपलेल्या स्टोरींच्या अंदाजे आकाराचा, तो पॉइंटमध्ये मोजतात) तक्ता लावलाय. एक टीम स्प्रिंटला ६० पॉइंट करते, आम्ही ३५. आम्हाला दर तिमाहीत दहा टक्के वाढवायला सांगितलंय.

वाढेल. काळजी नको. आज ज्या स्टोरीला ३ पॉइंट देता तिला पुढच्या महिन्यात ५ द्याल, कुणी खोटं बोललं असंही वाटणार नाही. ‘तसं पाहिलं तर यात रिस्क आहे’ एवढं वाक्य पुरतं. तक्त्यावरची रेघ वर जाईल आणि ग्राहकाला मिळणारं सॉफ्टवेअर होतं तेवढंच राहील. मापाचं लक्ष्य केलं की ते माप कामाचं राहत नाही, हे अर्थशास्त्रात गुडहार्टचा नियम म्हणून ओळखलं जातं. नुकसान मात्र तुमचंच मोठं. पुढच्या स्प्रिंटमध्ये किती घ्यावं याचा अंदाज देणारं एक ओबडधोबड साधन तुमच्याकडे होतं, तेही गेलं.

वरिष्ठांना समजावताना हे सांगता येईल : पॉइंट म्हणजे ओंजळ. एकाच माणसानं एकाच पोत्यातलं धान्य स्वतःच्या ओंजळीनं मोजलं तर किती ओंजळी उरल्या ते त्याला बऱ्यापैकी सांगता येतं. दोघांनी आपापल्या ओंजळीनं मोजलं आणि तिसऱ्यानं आकड्यांची तुलना केली, तर त्याला फक्त कुणाचा हात लहान आहे ते कळेल. पॉइंटचा उगमही असाच आहे. एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या अ‍ॅजाइल पद्धतीच्या सुरुवातीच्या काळात अंदाज ‘आदर्श दिवसां’त (मधे काही व्यत्यय नसेल तर लागणाऱ्या दिवसांत) द्यायचे आणि प्रत्यक्ष दिवस काढायला त्याला साधारण तीननं गुणायचे. तीन दिवसांच्या कामाला नऊ दिवस का, असं लोक विचारू लागले म्हणून ‘दिवस’ शब्द काढून ‘पॉइंट’ आला. त्या मंडळींतले रॉन जेफ्रीज यांनी पुढे लिहिलं आहे की पॉइंट बहुधा आपणच शोधले आणि तसं असेल तर त्याचं आपल्याला वाईट वाटतं. स्क्रमच्या मार्गदर्शिकेत तर स्टोरी पॉइंटही नाहीत आणि व्हेलॉसिटीही नाही.

तक्ता काढा म्हणताना हातात दुसरं काहीतरी ठेवावं लागतं, नाहीतर तो निघत नाही. चार आकडे द्या : आपण किती वेळा डिप्लॉय करतो (नवा कोड लाइव्ह सर्व्हरवर चढवतो), कोड कमिट झाल्यापासून (लिहून नोंदवल्यापासून) तो वापरकर्त्यापर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो, शंभर डिप्लॉयपैकी किती बिघडतात, बिघडल्यावर सेवा पूर्ववत व्हायला किती वेळ लागतो. पहिले दोन वेगाचे, पुढचे दोन स्थैर्याचे. एकत्रच दाखवायचे, म्हणजे वेग वाढवण्यासाठी टेस्ट गाळल्या तर तिसरा आकडा लगेच बोलतो. हेही दोन टीमना शर्यतीत उतरवण्यासाठी वापरले तर त्यांचीही तीच गत होईल. प्रत्येक टीमनं आपल्याच गेल्या तिमाहीशी ताडून पाहावं.

प्रश्न : ‘आम्ही अ‍ॅजाइल आहोत, तारीख देत नाही’ असं म्हटलं की क्लायंट भडकतो. मग तारीख द्यायची कशी?

भडकणारच. त्याला जाहिरात छापायची असते, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण लावायचं असतं. तारीख द्या, पण तिच्यासोबत तिची शक्यताही द्या.

पॉइंट बाजूला ठेवा, पूर्ण झालेल्या स्टोरी मोजा. समजा गेल्या दहा आठवड्यांत तुम्ही ४, ७, ५, ३, ६, ८, ५, २, ६, ४ अशा स्टोरी संपवल्या. एकूण ५०, सरासरी आठवड्याला ५. राहिल्या आहेत ४०. सरासरीनं उत्तर आठ आठवडे, आणि बहुतेक जण हीच तारीख लिहून देतात. ती पाळली जाण्याची शक्यता जेमतेम निम्म्याहून थोडी जास्त आहे.

स्प्रेडशीटमध्ये असं करा. या दहा आकड्यांतला कुठलाही एक चिठ्ठी काढल्यासारखा उचला, तो पहिला आठवडा. परत एक उचला, तो दुसरा. बेरीज ४० होईपर्यंत चालू ठेवा आणि किती आठवडे लागले ते लिहा. हे हजार वेळा करा. सूत्र एकदा बसवलं की काही सेकंदांचं काम आहे. या आकड्यांवर नऊ आठवड्यांत संपण्याची शक्यता सुमारे ८५ टक्के येते, दहा आठवड्यांत ९५ च्या वर. क्लायंटला सांगा : नऊ आठवडे बऱ्यापैकी भरवशाचे, दहा जवळपास नक्की, आठवर काही बेतू नका.

यात एक खड्डा आहे. ४० स्टोरी कधीच ४० राहत नाहीत. गेल्या दहा आठवड्यांत यादीत नव्यानं किती भर पडली तेही मोजा. दर आठवड्याला एकच नवी स्टोरी येत असेल तरी निव्वळ वेग ५ वरून ४ वर येतो आणि सरासरी तारीखच आठवरून दहा आठवड्यांवर जाते. हा आकडा दाखवला की ‘एवढं एक छोटंसं टाका ना’ ही मागणी क्लायंट स्वतःच जरा जपून करतो. दर आठवड्याला नवे आकडे घालून अंदाज परत काढा. तारीख सरकत असेल तर ती दोन महिने आधी कळवा, दोन दिवस आधी नको.

प्रश्न : पुल रिक्वेस्ट (आपला बदल तपासून मुख्य कोडमध्ये घ्या, अशा विनंत्या) तीन-तीन दिवस पडून राहतात. आठवण करून दिली तर लोक चिडतात.

आकार पाहा. दोनशे ते चारशे ओळींपलीकडे गेलेला बदल कुणी नीट वाचत नाही. चाळीस ओळींवर बारा टिपा येतात, दोन हजार ओळींवर ‘छान दिसतंय’. मोठा बदल उघडायचीच भीती वाटते, म्हणून तो पडून राहतो. पडून राहतो तोवर मुख्य शाखा (सगळ्यांचा सामाईक कोड) पुढे सरकते आणि मर्ज करताना, म्हणजे बदल त्यात मिसळताना, भांडण. नावं बदलणं, फाइली हलवणं एका रिक्वेस्टमध्ये, वागणूक बदलणारा कोड वेगळ्या रिक्वेस्टमध्ये, एवढी शिस्त लावली तरी वाचणाऱ्याचा निम्मा त्रास वाचतो.

मग एक ठराव करा : अर्ध्या दिवसात पहिलं उत्तर, आणि नवं काम उचलण्यापूर्वी वाट पाहणारा रिव्ह्यू. स्पेस, कंस, नावांची ठेवण ही भांडणं आपोआप तपासणाऱ्या टूलवर सोपवा. त्यावर माणसाची टीप आली की चीड येते आणि खरा मुद्दा हरवतो. टीप लिहिताना पुढे ‘अडवणारी’ किंवा ‘सुचवणी’ असं लिहा, म्हणजे मर्ज करायला काय सुधारलंच पाहिजे हे कळतं. एकाच मुद्द्यावर तिसरं उत्तर लिहायची वेळ आली की लिहिणं थांबवून बोला.

छोटे बदल रोज मुख्य शाखेत घालायचे तर अर्धवट फीचर वापरकर्त्याला दिसू नये म्हणून फीचर फ्लॅग (कोडचा एखादा भाग चालू-बंद करणारे स्विच) लागतात. फ्लॅग लावतानाच तो काढायची तारीख आणि काढणाऱ्याचं नाव बॅकलॉगमध्ये (राहिलेल्या कामांच्या यादीत) टाका, आणि जुन्या फ्लॅगचं नाव नव्या कामासाठी कधीही वापरू नका. नाइट कॅपिटल या अमेरिकन शेअर व्यवहार कंपनीनं २०१२ मध्ये नेमकं हेच केलं. वर्षानुवर्षं न वापरलेल्या कोडचा फ्लॅग नव्या कामाला जोडला. नवा कोड आठपैकी सात सर्व्हरवर गेला. आठव्यावर तोच फ्लॅग जुन्या कोडला जागं करत होता. १ ऑगस्ट रोजी साधारण पाऊण तासात कंपनीचं ४४ कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं.

प्रश्न : स्प्रिंट सुरू झाला की तातडीचे बग आणि ‘वरून आलेली’ कामं येतात. प्लॅनिंगला काही अर्थच राहत नाही.

चार स्प्रिंट फक्त मोजा. न ठरवता आलेल्या कामात दर वेळी साधारण तीस टक्के वेळ जात असेल तर ती तुमची नेहमीची परिस्थिती आहे. सत्तर टक्क्यांचंच प्लॅनिंग करा. आठवड्याला एक जण पाळीनं बाहेरच्या मागण्या झेलेल, त्याच्यावर स्प्रिंटचं काम टाकायचं नाही. बाकीच्यांना थेट आलेला फोन त्याच्याकडेच वळवायचा, मग फोन कुणाचाही असो. तातडीचं काय हे प्रॉडक्ट ओनरनंच ठरवायचं आणि एक आत घेताना त्याच आकाराचं काय बाहेर काढलं तेही त्याच क्षणी सांगायचं. न ठरवलेलं काम निम्म्याच्या वर जात असेल तर स्प्रिंटचा आग्रह सोडा. कानबान बोर्ड (स्प्रिंटविना सलग काम सरकवायचा), रकान्यांच्या मर्यादा आणि आठवड्याला एकदा अग्रक्रम लावणं एवढं पुरतं.

प्रश्न : रेट्रोमध्ये (झालेला स्प्रिंट कसा गेला ते पाहायच्या बैठकीत) कुणी बोलत नाही. बोललं तर तेच ते : ‘कम्युनिकेशन सुधारायला हवं.’ टीमला पद्धत पाळायला मदत करणारा स्क्रम मास्टर म्हणून काय करू?

आधी पाहा, खोलीत कोण बसलंय. वर्षाचं मूल्यमापन लिहिणारा माणूस समोर असताना ‘मोकळेपणानं बोला’ म्हणणं म्हणजे थट्टा. बऱ्याच टीम सुरुवातीला रेट्रोवर पुस्तक लिहिणारे नॉर्म कर्थ यांचं निवेदन वाचतात. त्याचा आशय असा की त्या वेळी जे ठाऊक होतं आणि हाताशी होतं त्यात प्रत्येकानं शक्य तितकं चांगलंच काम केलं, असं आपण मानतो. वाचायला हरकत नाही. नुसतं वाचून भीती जात नाही.

चिठ्ठ्यांवर निनावी आकडा मागा : आज इथे कितपत मोकळं बोलता येईल, १ ते ५. निम्म्या चिठ्ठ्यांवर १ किंवा २ आलं तर ठरलेली रेट्रो घेऊ नका. बोलायला काय आड येतंय एवढंच चिठ्ठ्यांवर विचारा. संशोधक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या गटांचा अभ्यास केला तेव्हा चांगल्या गटांमध्ये चुकांची नोंद जास्त सापडली. कारण तिथे चूक सांगता येत होती. तुमच्या रेट्रोतली शांतता सगळं आलबेल असल्याची खूण समजू नका.

क्रम असा ठेवा. आधी मागच्या रेट्रोत ठरलेलं झालं का, त्याचा परिणाम काय. मग सात मिनिटं प्रत्येकानं गप्प बसून लिहायचं. बोलणारे दोघं सुरू झाले की बाकीचे लिहितच नाहीत. चिठ्ठ्यांचे गट करा, मतं घ्या आणि सर्वांत जास्त मतांच्या एकाच विषयावर बोला. घडलेल्या चुकीबद्दल विचारताना ‘असं का केलंस?’ म्हटलं की समोरचा बचाव सुरू करतो. ‘तेव्हा स्क्रीनवर तुला काय दिसत होतं?’ असं विचारा. मग कळतं की टेस्ट आणि लाइव्ह दोन्ही सर्व्हरच्या खिडक्या एकाच रंगाच्या होत्या.

निघताना एकच कृती ठरवा. ‘कम्युनिकेशन सुधारणे’ ही कृती नाही. ‘सोमवारपासून रिव्ह्यू मागताना चॅटवर एकाचं नाव घालून मागायचं, दोन आठवड्यांनी रिव्ह्यूतला सरासरी वेळ पाहायचा’ ही आहे. कृतीवर नाव हवं, तारीख हवी, आणि ती पुढच्या स्प्रिंटच्या यादीत स्टोरीसारखी वर हवी. रेट्रोच्या वेगळ्या कागदावर लिहिलेली कृती होत नाही. मागच्या तीन रेट्रोंतल्या तीनही कृती झाल्या नसतील तर चौथी ठरवू नका. त्या का झाल्या नाहीत हाच त्या दिवशीचा विषय.

प्रश्न : अ‍ॅजाइलमध्ये डॉक्युमेंटेशन करायचं नसतं ना?

हे वाक्य कागद लिहायचा कंटाळा असलेल्यांना फार आवडतं. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत युटामधल्या स्नोबर्ड इथे १७ जणांनी जो जाहीरनामा लिहिला, त्यात सविस्तर दस्तऐवजांपेक्षा चालणाऱ्या सॉफ्टवेअरला झुकतं माप दिलं आहे. पण त्याच्याच शेवटी उजवीकडच्या, म्हणजे दस्तऐवजांसारख्या, गोष्टींनाही मोल आहे असं स्पष्ट म्हटलंय. तेव्हा काय लिहायचं ते निवडा. कोड काय करतो ते कोड आणि टेस्ट सांगतात. तसंच का केलं, हे कुठेच लिहिलेलं नसतं. प्रत्येक मोठ्या निर्णयाला एक पान द्या : परिस्थिती काय होती, काय ठरवलं, कुठले पर्याय का सोडले, आता कुठला त्रास पत्करावा लागेल. पानांना क्रमांक द्या आणि ती कोडच्याच रेपॉझिटरीत (कोड साठवतात तिथेच) ठेवा, म्हणजे रिव्ह्यूत तीही वाचली जातात. पुढे निर्णय बदलला तर जुनं पान पुसू नका. वर ‘रद्द, पाहा क्रमांक १४’ एवढं लिहा.